निरंकाचीही नोंद

नॉटिंगहॅमहून स्केगनेसला जाणारी आगगाडी ग्रँथम सोडून पूर्वेकडे निघाली, की टेकड्या मागे पडतात आणि जमीन हळूहळू परातीसारखी सपाट होत जाते. दोन्ही बाजूंना कोबीची आणि बटाट्याची शेते, गव्हाची कापणी झालेली पिवळी राने आणि त्यांच्यामधून दोरी लावून आखल्यासारखे सरळ कालवे. इथली बरीचशी जमीन माणसाने पिढ्यान्‌पिढ्या दलदल उपसून आणि बांध घालून मिळवलेली आहे. बोस्टन गावच्या चर्चचा उंच मनोरा कितीतरी वेळ आधी दिसू लागतो. पुढे वेनफ्लीट येते आणि मग रूळ संपतात. रूळ संपले की समुद्रच.

आमची मुलगी नॉटिंगहॅमला असते. गेल्या वर्षी दशलक्षण पर्वाच्या काळात आम्ही उभयता तिच्याकडे होतो. पर्वातील पूजनासाठी लेस्टरच्या जैन सेंटरला जाण्याचा योग आला. १९८८ मध्ये प्रतिष्ठा झालेल्या त्या वास्तूत दिगंबर, श्वेतांबर, स्थानकवासी अशा सर्वांना एकाच छपराखाली स्थान आहे. परदेशात हे पाहून मन भरून आले. अनंत चतुर्दशीच्या उपवासाचे पारणे केले आणि पौर्णिमेच्या सकाळी आम्ही या गाडीत बसलो.

निमित्त होते मुलीच्या शेजारी राहणारे एक निवृत्त शाळामास्तर. दरवर्षी शरद ऋतूत दोन आठवडे ते समुद्रकाठच्या एका निसर्ग-राखीव क्षेत्रात स्वयंसेवक म्हणून राहतात. माझी छत्तीस वर्षे बँकेत गेली हे कळल्यावर त्यांनी हसून म्हटले होते, "मग तुम्ही आमच्या कामाचे आहात. आमच्याकडेही रोज संध्याकाळी हिशेब जुळवावा लागतो." पौर्णिमेनंतरच्या उधाणाच्या भरतीला या, असा त्यांचा आग्रह होता. जेवणाची व्यवस्था आम्ही आमची करणार, सूर्यास्तापूर्वी जेवणार, एवढे सांगितल्यावर त्यांनी गावातील एका घरगुती निवासात आमची सोय केली. सौ.ने दशम्या, कोरडी चटणी आणि भाजलेले शेंगदाणे असा तीन दिवसांचा शिधा बांधून घेतला होता.

स्केगनेस हे हवा खाण्याचे गाव. पाळणे, खेळण्यांची दुकाने, तळणाचा वास, वाळूत खेळणारी मुले. त्या गजबजाटातून दक्षिणेकडे सुमारे पाच किलोमीटर गेले, की घरे संपतात आणि जिब्राल्टर पॉइंट सुरू होते. स्पेनच्या टोकाला असलेल्या प्रसिद्ध जिब्राल्टरशी याचा घोटाळा होऊ नये. हे इंग्लंडच्या लिंकनशायर परगण्याचे आग्नेय टोक. येथून किनारा आत वळतो आणि वॉश नावाचे विस्तीर्ण, उथळ आखात सुरू होते. चारशे हेक्टरांहून अधिक पसरलेल्या या भूभागात वाळूच्या टेकड्यांच्या दोन समांतर रांगा आहेत. पश्चिमेची रांग जुनी, पूर्वेची तिच्या मानाने तरुण. अन्यत्र समुद्र जमीन गिळतो, येथे तो वाळू आणून टाकतो, म्हणून किनारा पिढ्यागणिक पूर्वेकडे सरकत गेला. दोन रांगांमध्ये खारट गवताची दलदल आहे. टेकड्यांवर समुद्रकाठच्या काटेरी झुडपांची दाट जाळी असून त्यांना नारिंगी फळांचे घोस लगडलेले असतात. पुढे मैलोगणती ओला, चकाकणारा चिखल.

लिंकनशायरमधील निसर्गप्रेमींनी १९४८ मध्ये एक ट्रस्ट स्थापन केला. त्याच्या उभारणीत टेड स्मिथ यांचा वाटा फार मोठा. दुसऱ्याच वर्षी, १९४९ मध्ये, या ठिकाणी पक्षी-निरीक्षण केंद्र सुरू झाले. स्थलांतर करणारे पक्षी किनाऱ्याच्या कडेकडेने जातात आणि समुद्र ओलांडून आलेले थकलेले पक्षी पहिल्या झुडपात विसावतात. म्हणून अशी टोके निरीक्षणाला सोयीची. ब्रिटनमधील असे पहिले केंद्र रोनाल्ड लॉकले यांनी १९३३ मध्ये वेल्सजवळच्या स्कोकहोम बेटावर काढले होते. आज ब्रिटनच्या किनाऱ्यावर अशी अनेक केंद्रे आहेत आणि त्या सर्वांचे व्रत एकच : रोज पाहायचे, रोज मोजायचे, रोज लिहायचे. ५ डिसेंबर २०१३ च्या रात्री उत्तर समुद्रातून वादळी भरती आत घुसली आणि येथील अभ्यागत केंद्र पाण्याखाली गेले. नंतर नवी इमारत बांधावी लागली. लिहिण्याचे काम मात्र चालूच राहिले.

आम्ही पोहोचलो त्या दुपारीच मला काम मिळाले. टेकडीवरच्या बाकावर बसून दक्षिणेकडे जाणाऱ्या भिंगऱ्या मोजायच्या. भिंगरी आपल्याही ओळखीची. हिवाळ्यात आपल्या गावातील विजेच्या तारांवर ओळीने बसते तीच. आपल्याकडे येणाऱ्या भिंगऱ्या मात्र निराळ्या प्रदेशांतून येतात. ब्रिटनच्या भिंगऱ्या हिवाळ्यासाठी थेट दक्षिण आफ्रिकेत जातात. माझ्या हातात मोजणीचे एक छोटे यंत्र दिले गेले. एक पक्षी गेला की एक खटका दाबायचा. वेळ तीन ते साडेचार. सौ. शेजारी बसून दुर्बिणीने पाहत होती आणि "अहो, ते दोन राहिले," असे मधूनमधून बजावत होती.

चारच्या सुमारास ती पाय मोकळे करायला खाली उतरली. त्याच वेळी सांगलीहून धाकट्या भावाचा फोन आला. मी बोललो, थर्मासमधला चहा ओतून घेतला, आणि या साऱ्यात पंधरा-एक मिनिटे गेली. डोक्यावरून पक्षी जातच होते. यंत्रावर साडेचारला आकडा होता २१२.

संध्याकाळी सूर्यास्तापूर्वी आम्ही दशम्या खाल्ल्या आणि केंद्रातील एका साध्या खोलीत जमलो. लांब मेज, आठ-दहा माणसे. कोणी विद्यार्थी, कोणी निवृत्त, कोणी रजा काढून आलेला. मेजाच्या टोकाला सत्तरीच्या घरातील एक बाई जाड नोंदवही उघडून बसल्या होत्या. त्यांनी प्रथम दिनांक लिहिला, मग वाऱ्याची दिशा, ढग, दृश्यमानता. त्यानंतर कोण कोठे, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत होते, ते लिहिले. मग त्या एकेका पक्ष्याचे नाव घेऊ लागल्या आणि ज्याने पाहिला असेल तो आकडा सांगू लागला. पाणकावळा : चौदा. राखी बगळा : तीन. छोटा बगळा : एकतीस. खरुची : दोन. मध्ये कोणीतरी म्हणे, "त्यातले पाच मीही मोजले असावेत, वजा करा." लगेच वजाबाकी होई. पक्ष्यांनंतर फुलपाखरे, चतुर, सील, ससे. मला शाखेतील संध्याकाळ आठवली. कॅश बंद करताना असेच नोटांच्या एकेका प्रकाराचे नाव घेतले जाई आणि कॅशियर आकडा सांगे.

एका गोष्टीने माझे लक्ष वेधले. काही ठरावीक पक्ष्यांचे नाव घेतल्यावर सारे गप्प राहिले, तरी बाई पुढे गेल्या नाहीत. "कोणी तिकडे जाऊन पाहिले का?" असे त्यांनी विचारले. "पाहिले, एकही नव्हता," असे उत्तर आल्यावर त्यांनी शून्य लिहिले. एका ठिकाणी कोणी गेलेच नव्हते, तेथे त्यांनी शून्य न लिहिता आडवी रेघ मारली. 'पाहिले आणि नव्हते' व 'पाहिलेच नाही' यांतील फरक आम्हा बँकवाल्यांना चांगला ठाऊक आहे. सांगण्यासारखे काही नसले तरी प्रधान कार्यालयाला 'निरंक' असा अहवाल पाठवावाच लागे. निरंक अहवाल आलेली शाखा आणि अहवालच न आलेली शाखा या दोन्ही सारख्या नव्हेत. पहिलीत काही घडले नाही असे समजते. दुसरीत काय घडले ते कोणालाच समजत नाही.

मग भिंगरीचे नाव आले आणि माझ्याकडे पाहिले गेले. मी म्हणालो, "दोनशे पन्नास."

तो आकडा माझ्या तोंडून कसा गेला ते आजही सांगता येत नाही. चहाच्या पंधरा मिनिटांत तेवढे पक्षी गेलेच असतील, असा हिशेब मनाने परस्पर केला होता. शिवाय पहिल्याच दिवशी पाहुण्याने मोजणी अर्धवट टाकली असे दिसायला नको होते. बाईंनी २५० लिहिले आणि पुढचे नाव घेतले.

रात्री झोप लागेना. सौ.ला सांगितले. ती क्षणभर गप्प राहिली, मग म्हणाली, "एक रुपया कमी आला तर रात्रीचे दहा वाजेपर्यंत घरी येत नव्हता तुम्ही. पोरगी वाट पाहून झोपून जायची. आणि इथे अडतीस जीव खिशातून काढून दिलेत!" तिचे म्हणणे खरे होते. उद्या क्षमावाणी आहे, हेही तिनेच आठवण करून दिले.

भाद्रपद वद्य प्रतिपदेची पहाट. उजाडण्याआधीच आम्ही वाळूवर पोहोचलो. वाटेत एका बाजूस दोर लावून राखलेला पट्टा होता. वसंतात छोटा सुरय नावाचा पक्षी आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून येथे येतो आणि उघड्या वाळूत, गारगोट्यांमध्ये अंडी घालतो. ती अंडी गारगोट्यांसारखीच दिसतात. न पाहता टाकलेल्या पावलाखाली संसार चिरडू नये म्हणून दरवर्षी कुंपण घालून त्यांची राखण केली जाते. आता पक्षी निघून गेले होते, तरी माझी पावले आपोआप जपून पडू लागली. चार हात पुढची भूमी न्याहाळत चालणारे मुनिमहाराज डोळ्यांपुढे आले. ईर्यासमितीचे नावही न ऐकलेली माणसे येथे तीच सावधगिरी दोर आणि खुंट्यांनी पाळत होती.

सातच्या सुमारास भरती चढली. उधाणाचे पाणी मैलभर पसरलेला चिखल गिळत किनाऱ्याकडे येऊ लागले आणि त्याच्यापुढे ढकलले जात असल्यासारखे पक्षी उठू लागले. नॉट हा चिखलात अन्न शोधणारा मध्यम आकाराचा पक्षी. उत्तर कॅनडा आणि ग्रीनलंडच्या ध्रुवीय भागात घरटी करून तो शरद ऋतूत वॉशच्या चिखलावर उतरतो. एक थवा उठला, दुसरा त्यात मिसळला, तिसरा आला. हजारो पक्षी एकाच शरीराचे असल्यासारखे वळत. वळताना पोटाकडची बाजू दिसली की आकाश रुपेरी होई, पाठ दिसली की धुरकट. पंखांचा आवाज दूरच्या धबधब्यासारखा येत होता. सौ.ने नकळत हात जोडले.

मला मात्र प्रश्न पडला, हे मोजायचे कसे? मास्तरांनी दाखवले. प्रथम दहा पक्षी नीट मोजायचे. तेवढीच जागा व्यापणारे दहा गट डोळ्यांनी आखायचे, म्हणजे शंभर झाले. मग शंभराच्या मापाने हजार आणि हजाराच्या मापाने सारा थवा. दोघे-तिघे स्वतंत्रपणे मोजतात आणि मग आकडे ताडून पाहतात. मला हसू आले. शंभर नोटांचे एक पॅकेट, दहा पॅकेटांचे एक बंडल, याच मापाने आमची तिजोरी मोजली जाई. ज्याला सुट्टे शंभर मोजता येत नाहीत त्याचे लाख कधीच बरोबर येत नाहीत. असा काढलेला आकडा अंदाजच असतो आणि वहीत तो अंदाज म्हणूनच लिहिला जातो. त्या सकाळचा आकडा अठरा हजार ठरला.

भरती ओसरू लागल्यावर नोंदवहीच्या बाई लाकडी खोपीत एकट्याच बसल्या होत्या. मी जवळ जाऊन कालचा प्रकार सांगितला. आज आमच्या धर्मात क्षमा मागण्याचा दिवस आहे, हेही सांगितले. त्यांनी वही उघडली. २५० वर एकच सरळ रेघ मारली, खालचा आकडा वाचता येईल अशी. वर २१२ लिहिले, समासात 'चार ते सव्वाचार मोजणी नाही' अशी टीप लिहिली आणि शेजारी आद्याक्षरे केली. खोडरबर नाही, गिरवणे नाही. आमच्या खातेवहीतील दुरुस्तीचाही हाच नियम होता. मग त्या शांतपणे म्हणाल्या, "अडतीस भिंगऱ्यांनी फारसे बिघडले नसते. पण पन्नास वर्षांनी कोणी ही वही उघडील, तेव्हा त्याला तुम्हाला काही विचारता येणार नाही. त्याला तुमच्यावर विश्वासच ठेवावा लागेल."

त्या दिवशी आणखी बरेच पाहिले. रात्रभर दिवा लावून ठेवलेली पतंगांची पेटी सकाळी उघडली गेली. आत पतंगांना बसायला अंड्यांच्या पुठ्ठ्याचे तुकडे ठेवले होते. त्यांचा मूळ उपयोग ध्यानात येऊन मी जरा मागे सरलो. एकेक तुकडा हळूच उचलायचा, पतंगाचे नाव आणि संख्या लिहायची, आणि पक्ष्यांची नजर पडणार नाही अशा दाट झुडपात त्याला सोडायचे. एकही पतंग मारला गेला नाही.

पक्ष्यांच्या पायांत कडी अडकवण्याचा प्रकार मात्र मला सहज पचला नाही. झुडपांमध्ये बारीक जाळी लावतात. पक्षी अडकला की प्रशिक्षित आणि परवानाधारक माणूस त्याला अलगद सोडवतो, क्रमांक असलेली हलकी कडी पायात घालतो, पंख मोजतो, वजन करतो आणि सोडून देतो. पाऊस किंवा जोराचा वारा असेल तर जाळी लावत नाहीत आणि लावलेली जाळी वारंवार पाहतात. माझ्यासमोर गोल्डक्रेस्ट नावाच्या पक्ष्याचे वजन झाले : पाच-सहा ग्रॅम, म्हणजे आपल्या पाच रुपयांच्या पितळी नाण्याएवढे. तेवढ्याशा जिवाचे जातभाई शरदात उत्तर समुद्र ओलांडून येथे उतरतात, हे ऐकून मी थक्क झालो. तरी त्या मुठीत धडधडणारे त्याचे ऊर मला दिसत होते. क्षणभराची का होईना, ही भीती आपण त्याला द्यावी का?

याचे उत्तर मास्तरांनी एका कड्याच्या गोष्टीने दिले. १९११ मध्ये इंग्लंडच्या स्टॅफर्डशायर परगण्यात एका भिंगरीच्या पायात कडी घातली गेली. १९१२ च्या डिसेंबरात ती दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतात सापडली. इंग्लंडची भिंगरी हिवाळ्यात कोठे जाते याचा तो पहिला पक्का पुरावा. पक्षी कोठे थांबतो हे कळल्याशिवाय तेथील पाणथळ जागा वाचवा असे कोणाला सांगणार? शिवाय पूर्वीचे पक्षीतज्ज्ञ दुर्मीळ पक्षी दिसला की ओळख पटवण्यासाठी त्याला गोळी घालत आणि कातडे कपाटात ठेवत. बंदुकीची जागा दुर्बिणीने आणि वहीने घेतली, हा एका शतकातील केवढा पालट! येथील पक्षी-संरक्षणाच्या चळवळीचे मूळही अशाच एका त्यागात आहे. टोप्यांना पिसे लावण्याच्या हौसेपायी बगळ्यांची कत्तल होत होती. तेव्हा १८८९ मध्ये मँचेस्टरजवळ एमिली विल्यमसन यांच्या पुढाकाराने काही स्त्रियांनी पिसांचे अलंकार न वापरण्याची प्रतिज्ञा केली. मोराने आपण होऊन टाकलेल्या पिसांचीच पिच्छी चालते हे ज्यांना बालपणापासून ठाऊक आहे, त्यांना त्या प्रतिज्ञेचे मोल सांगायला नको. ज्या छोट्या बगळ्याला आपण ओढ्याकाठी नित्य पाहतो, त्याने १९९६ मध्ये ब्रिटनमध्ये प्रथमच घरटे केले. आज तो या दलदलीत एकतीसच्या संख्येने उभा होता. कड्यांविषयी माझे पूर्ण समाधान झाले असे म्हणणार नाही. पण या माणसांचे हेतू आणि हात दोन्ही जपून चालतात, एवढे मी पाहिले.

त्या रात्री वहीचे काम संपल्यावर सारे चहा घेत बसले. बाईंनी सहज विचारले, "तुमच्या गावी कोणते पक्षी असतात?"

मी उत्साहाने सांगू लागलो. बँकेत लागल्यावर १९८४ ते १९८७ अशी तीन वर्षे मी तालुक्याच्या एका शाखेत होतो. रोज सकाळी सायकलवरून जाताना गावाबाहेर मेलेली जनावरे टाकण्याची जागा लागे. शेजारच्या चिंचेवर आणि वडावर गिधाडे बसलेली असत. वीस, तीस, कधी त्याहून अधिक. मान आखडून बसलेल्या म्हाताऱ्यांच्या पंचायतीसारखी ती दिसत. मी नाकाला रुमाल लावून सायकल दामटत असे.

"आता किती आहेत?"

"आता नाहीत."

"शेवटचे केव्हा पाहिलेत?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि थांबलो. १९९० असेल? १९९५? दुसऱ्या बदलीनंतर मी त्याच रस्त्याने अनेकदा गेलो होतो. चिंच होती, वड होता. गिधाडे नव्हती, आणि ती नाहीत हे माझ्या ध्यानातही आले नव्हते. त्या तीन वर्षांतील ठेवींवरील व्याजाचे दर मी आजही तोंडपाठ सांगू शकतो. रोज नजरेसमोर असलेला एवढा मोठा जीव कोणत्या वर्षी नाहीसा झाला ते मला सांगता येईना. खोलीतील कोणीही मला दोष दिला नाही, पण मी मान खाली घातली.

गिधाडांचे काय झाले ते आपल्याला ठाऊक आहे, आणि तेही कोणीतरी मोजून ठेवले होते म्हणूनच. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांनी १९८०च्या दशकात गिधाडे आणि त्यांची घरटी मोजली होती. दहा-एक वर्षांनी पुन्हा मोजल्यावर संख्या कोसळलेली दिसली. पहिला आकडा नसता तर दुसऱ्याला अर्थच उरला नसता. पुढे शोध सुरू झाला. २००४ मध्ये कारण प्रसिद्ध झाले : गुरांच्या वेदना आणि सूज कमी करण्यासाठी दिले जाणारे डायक्लोफिनॅक. हे औषध दिल्यावर थोड्याच काळात जनावर मेले, तर त्याच्या मांसातील अंश गिधाडाच्या मूत्रपिंडांना घातक ठरतो. २००६ मध्ये भारतात या औषधाच्या जनावरांवरील वापराला बंदी झाली. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडे शेकडा नव्व्याण्णवांहून अधिक नाहीशी झाली होती.

विचार केला की मन सुन्न होते. ते औषध कोणी दुष्टाव्याने दिलेले नव्हते. लंगडणाऱ्या बैलाचे दुखणे पाहवेना म्हणून शेतकऱ्याने दिले, आजारी गाय वाचावी म्हणून डॉक्टरांनी दिले. जीवदयेसाठी आपला समाज पिढ्यान्‌पिढ्या गोशाळा आणि पांजरपोळ चालवत आला आहे. दिल्लीच्या लाल मंदिरात तर पक्ष्यांचे धर्मादाय रुग्णालय आहे. अशा दयाळू हातांनीही अजाणता हे औषध दिले गेले असेल. त्यांना दोष कसा देणार? त्यांना काही ठाऊकच नव्हते. पण आचार्य उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेचे लक्षण सांगताना आरंभीच प्रमादाकडे बोट दाखवले आहे. रोज त्या झाडाखालून जाऊनही फांद्या रिकाम्या झाल्याचे ज्याला दिसले नाही, त्या माझ्या डोळ्यांचा प्रमाद मी कोणाच्या नावे लिहू? दया अंतःकरणात असते, पण तिला पुढे काय झाले हे पाहणारे डोळे आणि लिहून ठेवणारा हातही लागतो. लिंकनशायरच्या त्या खोलीत रोज संध्याकाळी चाललेले काम मला अप्रमादाचाच एक अभ्यास वाटला. दिवसभरात काय पाहिले आणि कोठे चुकले हे झोपण्यापूर्वी आठवून पाहणे आपल्या प्रतिक्रमणातही आहेच. फक्त त्यात शेजारच्या चिंचेवरील गिधाडाला मी कधी स्थान दिले नव्हते.

तिसऱ्या दिवशी निघताना बाईंनी मला काही भेट दिली नाही आणि उपदेशही केला नाही. फक्त म्हणाल्या, "तुमच्याकडे नदी आहे ना? मग रोज तीच जागा आणि तीच वेळ ठेवा."

सांगलीला परतल्यावर मी शंभर पानी रजिस्टर आणले आणि बँकेच्या सवयीने रकाने आखले : दिनांक, वेळ, हवामान, पक्षी, संख्या, शेरा. १९२९ साली बांधलेल्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेकाठी एक जागा ठरवली. रोज सकाळी साडेसहा ते सव्वासात आम्ही दोघे तेथे उभे राहतो. पहिल्या आठवड्यात पक्ष्यांची नावे येत नसत. 'तपकिरी, लांब चोचीचा, एक' असेच लिहिले. आता पस्तीसपर्यंत ओळख झाली आहे. हिवाळी पाहुणा धोबी कोणत्या दिवशी आला ते रजिस्टरात आहे. नदीतील मगर कोणत्या दिवशी वाळूवर ऊन खात होती तेही आहे. ज्या सकाळी मी आजारी होतो, तेथे शून्य नाही, आडवी रेघ आहे.

आपल्यापैकी अनेकजण निवृत्त आहेत, सकाळी फिरायला जातात, आणि हिशेब लिहिण्याची सवय तर आपल्या समाजाच्या रक्तातच आहे. ज्याच्या घराजवळ तळे, ओढा, खाडी किंवा एखादे जुने झाड असेल, त्याने एवढे जरूर करावे. संगणकाची सवय असलेल्यांनी आपल्या नोंदी ई-बर्डवर टाकाव्यात, म्हणजे त्या अभ्यासकांच्या उपयोगी पडतात. दर जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते, तीतही भाग घेता येतो. यासाठी विद्वत्ता लागत नाही. न मोजलेले मोजले म्हणायचे नाही, एवढे एकच पथ्य.

रजिस्टराच्या प्रत्येक पानावर सर्वांत वरची ओळ सौ.ने आखून ठेवली आहे. ती भरल्याशिवाय ती मला पुढचे पान उलटू देत नाही. आजची नोंद अशी : वेळ ६.३० ते ७.१५. आकाश निरभ्र. पाहणारे दोघे. गिधाड : निरंक.